मजकूर त्याचा, आकडा आपला : दुकानातल्या रोजच्या कामाला एआय कसं लावायचं

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात मी दिवाणजी आहे. कीर्द-खतावणी हातानं लिहीत सुरुवात केली, मग टॅली आली, २०१७ ला जीएसटी आला, आणि मागच्या हंगामात मालकांचा मुलगा म्हणाला, "काका, पत्रं आता एआयकडनं लिहून घेत जा की." एवढं बोलून तो गाडीला किक मारून गेला. कसं घ्यायचं, कुठनं घ्यायचं, काही नाही.

पहिलंच इंग्रजी पत्र निजामाबादच्या एका व्यापाऱ्याला गेलं. त्यांचा परपेठ, म्हणजे बाहेरच्या पेठेतला, माल आमच्याकडं विकायला येतो. विक्री झाली की हिशेबाची पट्टी पाठवायची, हे नेहमीचं काम. मी मराठीत लिहिलं, 'पट्टी सोबत जोडली आहे'. एआयनं त्याचं इंग्रजी केलं आणि मी ते न वाचता पाठवलं. संध्याकाळी फोन आला, "दिवाणजी, किसी को चोट लगी है क्या?" पत्रात लिहिलं होतं की सोबत बँडेज जोडलं आहे.

हा लेख माझ्यासारख्यांसाठी आहे. दुकानात, विकास सोसायटीत, पतसंस्थेत, दवाखान्याच्या काउंटरवर, बचत गटात जे लिहिण्या-मोजण्याचं काम करतात त्यांच्यासाठी. कॉम्प्युटर शिकलेल्या पोरांनी वाचला नाही तरी चालेल. त्यांना सगळं येतं, असं त्यांचं म्हणणं आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं पायरी-पायरीला ती लागणार आहे. चॅटजीपीटी किंवा जेमिनी ही ढीगभर मजकूर वाचून, आता पुढं कुठला शब्द येईल याचा अंदाज बांधत लिहिणारी यंत्रं आहेत. त्यामुळं मजकूर झकास लिहितात. पण आकडासुद्धा मजकुरासारखाच लिहितात, म्हणजे तिथं शोभेल असा. अडतीच्या धंद्यात शोभणारा आकडा घेऊन काय करायचा? म्हणून आमच्या दुकानात ठरलंय: मजकूर त्याचा, आकडा आपला.

१. काय काय जवळ असावं

- साधा स्मार्टफोन. लॅपटॉप असला तर बरं, नसला तर काही अडत नाही.
- दुकानाच्या कामासाठी वेगळं गूगल खातं. घरच्या खात्यावर नातवाचे फोटो आणि दुकानाची पत्रं एकत्र नकोत.
- फोनमध्ये मराठी कीबोर्ड.
- तुमच्या हातची जुनी चार-पाच पत्रं, नोटिसा, पावत्या. हे सगळ्यात महत्त्वाचं, का ते चौथ्या पायरीत सांगतो.
- एक वही. कुठल्या कामाला काय सांगितलं आणि काय बरं आलं, ते लिहून ठेवायला.

आधार, पॅन, बँक पासबुक यातलं काहीही लागत नाही. एआय सुरू करायला म्हणून कुणी हे मागत असेल तर ते ॲप तिथल्या तिथं काढून टाका.

२. ॲप निवडा, पण त्यात आठवडा घालवू नका

मी घालवला. यूट्यूबवर 'पन्नास जबरदस्त एआय टूल्स' असले व्हिडिओ बघत बसलो, आणि पन्नासातलं एकही नीट वापरलं नाही. सुरुवातीला एकच घ्या.

ओपनएआयचं चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, सगळ्यात जास्त नाव त्याचंच. गूगलचं जेमिनी बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये असतंच. जून २०२४ मध्ये त्याचं ॲप भारतात आलं तेव्हापासून मराठीही त्यात आहे. मायक्रोसॉफ्टचं कोपायलट, अँथ्रॉपिकचं क्लॉड हीही त्याच जातीची. परप्लेक्सिटी उत्तराबरोबर ते कुठल्या पानावरून घेतलं ते दाखवतं, त्यामुळं माहिती शोधायला बरं. व्हॉट्सॲपमध्ये निळं-जांभळं गोल वर्तुळ दिसतं ते मेटा एआय. हाताशी असतं हे खरं, पण त्याचं मराठी मला कच्चं वाटलं.

पत्रं आणि नोटिसांसाठी मी जेमिनी आणि चॅटजीपीटी दोन्ही वापरून पाहिली. उन्नीस-बीस फरक. तुमच्या फोनमध्ये आधीपासून जे आहे ते उघडा.

सापळा: प्ले स्टोअरवर याच नावांची, जवळजवळ तशाच चिन्हांची नकली ॲप असतात. उतरवण्याआधी नावाखाली बनवणाऱ्या कंपनीचं नाव वाचा. चॅटजीपीटी असेल तर ओपनएआय, जेमिनी असेल तर गूगल. नकली ॲप पहिल्या तीन प्रश्नांनंतर पैसे मागतात. आमच्या शेजारच्या गाळ्यातल्या पोरानं भरलेसुद्धा.

३. मराठी लिहायची सोय

जीबोर्ड म्हणजे गूगलचा कीबोर्ड, त्याच्या सेटिंगमध्ये 'भाषा' उघडून मराठी जोडा. तिथं दोन प्रकार मिळतात: थेट देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड, आणि इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटतं तो. ज्याला जो जमेल तो. मला तिसराच जमला, माइकचं चिन्ह दाबून बोलायचं. ओट्यावर हमालांचा गलका चालू असताना बोललात तर 'हळकुंड' बरोबर येतं आणि मधेच 'अरे खाली ठेव' हेही येतं. बोलून झालं की एकदा वाचा, मगच पाठवा.

सापळा, आणि हा खास जुन्या कचेऱ्यांचा: श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर एआयला वाचता येत नाही. आपल्याला पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं. तो मजकूर चिकटवलात की एआयला कचरा दिसतो. आणि पंचाईत अशी की दर वेळी तो 'कळलं नाही' म्हणत नाही. एका सोसायटीच्या सचिवांनी वार्षिक सभेचं जुनं इतिवृत्त असं चिकटवलं आणि त्यांना भलत्याच सभेचा छान गोषवारा मिळाला. जुना मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोन-कॉम्प्युटरला मराठी म्हणूनच वाचता येईल अशा अक्षरांत, बदलून घ्या. त्यासाठी फॉन्ट बदलून देणारी कन्व्हर्टर मिळतात. तपासायची सोपी खूण: मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. तिथं मराठीच दिसला तर युनिकोड आहे.

४. सांगायचं कसं

खरं शिकणं इथं आहे, बाकी सगळं बटणं दाबणं.

माझं पहिलं सांगणं असं होतं: 'पत्र लिहून दे पट्टीचं.' आता या एवढ्यावर नवा कारकूनसुद्धा गोंधळेल. बँडेजच्या प्रकरणानंतर विश्रामबागेतली माझी पुतणी घरी आली होती, तिला दाखवलं. ती म्हणाली, "काका, पट्टी म्हणजे काय ते त्याला सांगितलं का? त्याला कुठनं कळणार?" मुद्दा बरोबर होता. आमच्या यार्डातल्या हमालापासून मालकापर्यंत सगळ्यांना जे न सांगता कळतं, ते त्याला एकेक करून सांगावं लागतं.

आता मी असं लिहितो. हे जसंच्या तसं उतरवून घेतलं तरी चालेल, फक्त धंदा बदला:

'आम्ही सांगलीचे हळदीचे अडते आहोत. निजामाबादच्या एका जुन्या व्यापाऱ्याला इंग्रजीत पत्र लिहायचं आहे. त्यांचा माल आमच्या दुकानात विकला गेला, त्याची पट्टी सोबत पाठवतोय. पट्टी म्हणजे विक्रीचा हिशेब: वजन, भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा होऊन हातात येणारी रक्कम. भाषा आदराची पण साधी ठेव. नव्वद शब्दांच्या आत. रक्कम, वजन आणि तारीख लिहू नकोस, तिथं रिकामी जागा सोड. काही कळलं नसेल तर लिहायच्या आधी मला विचार.'

यातल्या शेवटच्या दोन वाक्यांनी माझा सगळ्यात जास्त मनस्ताप वाचवलाय. रिकामी जागा सोडायला सांगितली नाही तर तो स्वतःच्या मनानं आकडा भरतो, आणि तो आकडा इतका खरा वाटतो की घाईत नजर त्याच्यावरनं घसरून जाते.

धंद्यातल्या शब्दांची एक यादी करून फोनच्या नोंदवहीत ठेवा आणि काम सांगायच्या आधी ती चिकटवा. माझ्या यादीत पट्टी, परपेठ, कडता, कणी, गोळा, आवक, सौदा असे वीसेक शब्द आहेत, प्रत्येकापुढं एका ओळीत अर्थ. काही ॲपमध्ये अशा सूचना कायमच्या लिहून ठेवायला सेटिंगमध्ये जागा असते, तिथं एकदाच टाकलं की झालं.

दुसरी युक्ती, नमुना द्यायची. एआयचं मराठी व्याकरणात सहसा चुकत नाही, पण ते मराठी माणसाचं वाटत नाही. सणाला सौदे बंद राहणार होते, त्याची नोटीस मागितली. आली ती अशी: 'प्रिय मूल्यवान ग्राहकांनो, आम्हाला कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की...' सौदे बंद राहणार यात कुणाला आनंद होतो? वाळलेली हळद घेऊन ट्रॅक्टर उभा असलेल्या शेतकऱ्याला तर नाहीच. एका पत्राची सुरुवात होती, 'आशा आहे की हा संदेश आपणास उत्तम स्थितीत सापडेल'. सापडायला ते काय हरवलं होतं?

यावर उपाय एकच. आपली जुनी नोटीस त्याला दाखवायची आणि म्हणायचं, 'या पद्धतीनं लिही, यातलेच शब्द वापर.' मी २०१९ च्या पुरानंतर दुकान पुन्हा सुरू झालं तेव्हाची माझ्या हातची नोटीस दिली. 'सर्व शेतकरी बंधू व व्यापारी यांस कळविण्यात येते की' अशी सुरुवात होती. पुढच्या वेळी त्यानं बरोबर त्याच वळणाचं लिहून दिलं. पहिल्या पायरीत जुनी पत्रं जवळ ठेवा म्हणालो ते यासाठी.

उधारीच्या पत्रांना हे यंत्र सोन्यासारखं आहे. एकाच मागणीची तीन पत्रं मागतो: पहिलं आठवण करून देणारं, दुसरं जरा स्पष्ट, तिसरं शेवटचं. त्याचं पहिलं पत्र नेहमी इतकं गोड असतं की ते वाचून गिऱ्हाईक आणखी माल उधार मागेल. म्हणून मी थेट दुसऱ्यापासून सुरुवात करतो.

इंग्रजी फारसं येत नसेल तर पत्र तपासायचं कसं? त्यानं केलेलं इंग्रजी कॉपी करा, नवा संवाद उघडा (जुन्यातच नको, तिथं त्याला आधीचं मराठी आठवत असतं) आणि म्हणा, 'याचं मराठी कर.' परत आलेल्या मराठीत 'जखमेवरची पट्टी' दिसली की समजून जा. दोन मिनिटांचं काम आहे. मी ते तेव्हा केलं असतं तर हा लेख लिहायला मला सुरुवात सुचली नसती, एवढाच तोटा.

५. कागदाचा फोटो काढून वाचून घेणं

कॅमेऱ्याच्या चिन्हावर बोट ठेवून कागदाचा फोटो द्यायचा आणि 'यात काय लिहिलंय ते सोप्या मराठीत सांग' म्हणायचं. इंग्रजीतली बँकेची नोटीस, विमा कंपनीचं पत्र, ट्रान्सपोर्टच्या पावतीमागच्या बारीक अटी, यांना हे फार उपयोगी. नुसतं भाषांतर हवं असेल तर गूगल लेन्स पुरतं.

मराठी कागदांना मात्र जपून. छापील असेल तर बऱ्यापैकी वाचतो. हातच्या लिखाणात, आणि फोटोवर सावली पडली असेल तर, देवनागरी १ आणि ९, ५ आणि ४ यांची अदलाबदल होते. आमच्या तोलाईदाराचं अक्षर तर मलाच वाचता येत नाही, यंत्राला काय दोष द्यायचा.

सातबाऱ्याची गोष्ट सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडं प्रत्येक घरात तो असतो आणि प्रत्येक जण आता त्याचा फोटो एआयला दाखवतोय. तासगावकडचा एक शेतकरी दुकानात बसला होता. त्यानं फोटो दिला नि विचारलं, माझं क्षेत्र किती? सातबाऱ्यावर होतं ०.४०.००. एआय म्हणाला, शून्य पूर्णांक चाळीस एकर, म्हणजे सोळा गुंठे. बिचाऱ्याचा चेहरा उतरला. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहितात. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, साधारण एक गुंठा. म्हणजे त्याचं रान चाळीस आर, जवळजवळ एक एकर होतं. यंत्रानं पहिला ठिपका दशांश चिन्ह धरला, हेक्टरचा एकर केला आणि निम्म्याहून जास्त जमीन एका वाक्यात गिळली.

फोटो दिल्यावर पहिलं काम हे: 'अर्थ सांगू नकोस, आधी कागदावर जे दिसतंय ते ओळीनं जसंच्या तसं उतरव.' ते कागदाशी ताडून बघा. ते जुळलं तरच पुढचा प्रश्न. आणि सातबाऱ्यापुरतं म्हणाल तर फोटोच्या भानगडीत पडूच नका. सरकारच्या महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो, अक्षरं स्वच्छ असतात.

६. हिशेब: उत्तर मागू नका, सूत्र मागा

१,८७४ किलो हळद, भाव क्विंटलला १४,२५० रुपये. रक्कम २,६७,०४५. एकदा सहज म्हणून हे एआयला विचारलं, तर २,६७,४५० सांगितली. चारशेपाच रुपयांचा फरक, आणि आकडे तेच, फक्त जागा बदललेल्या. अशी चूक डोळ्याला दिसतच नाही. हल्ली काही ॲप आतल्या आत गणकयंत्र चालवून बरोबर उत्तर देतात. पण या वेळी चालवलं की अंदाजानं लिहिलं, हे आपण कसं ओळखणार?

त्यापेक्षा गूगल शीट्स किंवा एक्सेल उघडा आणि एआयला म्हणा, 'पहिल्या रकान्यात वजन किलोत, दुसऱ्यात क्विंटलचा भाव, तिसऱ्यात हमाली-तोलाई आहे. निव्वळ रक्कम काढायचं सूत्र दे आणि ते कुठं लिहायचं ते सांग.' सूत्र एकदा बसलं की बेरीज-गुणाकार शीट करतं, तिथं अंदाजाचा प्रश्न येत नाही. सूत्र बरोबर आहे का ते बघायला मागच्या महिन्यातली, दोन्हीकडनं मान्य झालेली एक पट्टी त्यात घालून बघा. उत्तर पैशापर्यंत जुळलं पाहिजे.

आकडे इंग्रजी अंकांत टाका. मराठी अंक शीटला बऱ्याचदा अक्षरं वाटतात आणि बेरीज शून्य येते. यात माझी एक अख्खी दुपार गेलीय.

७. कुठल्या गोष्टी त्याला विचारायच्या नाहीत

आजचा भाव. हा प्रश्न आमच्याकडं रोज कुणीतरी विचारतो. सौद्यात निघालेला भाव सौद्यातल्या माणसाला आणि बाजार समितीच्या फलकाला माहीत. एआय सांगेल तो कुठल्यातरी जुन्या पानावरचा, नाहीतर मनाचा.

पाण्याची पातळी. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे तो बरोबर सांगतो, कारण ते ठरलेलं आहे. आत्ता किती फूट आहे आणि कोयनेतनं किती विसर्ग सोडलाय, हे प्रशासनाच्या निवेदनातनंच घ्या. हळदीची पोती वरच्या माळ्यावर चढवायची की नाही हा निर्णय एआयला विचारून घेतला असं मालकांना सांगायची माझी तरी हिंमत नाही.

द्राक्षाची फवारणी. औषधाचं प्रमाण, कशात काय मिसळायचं, तोडणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची, यातलं काही त्याच्या भरवशावर नको. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, ते वापरायला मान्य असलेल्या औषधांची यादी काढतं. बागायतदार तिला 'ॲनेक्शर ५' म्हणून ओळखतात. यादी समोर ठेवा. हवं तर तिच्यातला इंग्रजी मजकूर एआयकडनं समजून घ्या, पण आकडा यादीतलाच.

शासन निर्णय. 'अमुक अनुदानाचा जीआर कुठला?' विचारलं की क्रमांक, तारीख, विभाग सगळं थाटात सांगतो. यातलं निम्मं काल्पनिक असू शकतं. राज्य शासनाच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर प्रत्येक जीआरला वर्ष-महिना-दिवसानं सुरू होणारा लांबलचक संकेतांक असतो. तो तिथं सापडला तरच जीआर खरा. अर्जात खोटा क्रमांक घालून तहसीलला गेलात तर पुढच्या टेबलावरचा साहेब तुम्हाला विचारणार आहे, एआयला नाही.

आता या सगळ्यात मुरलेला सापळा. मी त्याला विचारलं, हळदीवर जीएसटी किती? म्हणाला, शेतमाल आहे, शून्य. म्हटलं, खात्री आहे का? लगेच माफी मागितली आणि म्हणाला पाच टक्के. पुन्हा म्हटलं, नक्की ना? पुन्हा माफी, पुन्हा शून्य. 'खात्री आहे का' हा प्रश्न माणसाला विचारला तर तो आठवून बघतो. हे यंत्र आपली नाराजी ओळखून बाजू बदलतं. खरं काय, तर ओली हळद शून्यात आणि वाळवलेली पाच टक्क्यांत. म्हणजे दोन्ही उत्तरांत थोडंथोडं खरं होतं, आणि त्याला ते वेगळं करता आलं नाही. म्हणून पडताळणी त्याच्याकडं नाही, बाहेरच्या कागदाशी करायची. करसल्लागाराला फोन लावा, त्यासाठीच त्यांची फी असते.

८. काय त्याच्या हातात द्यायचं नाही

शेतकऱ्याचा खाते क्रमांक, आधार, पॅन, मोबाइल नंबर, पासबुकाचा फोटो, रुग्णाचा रिपोर्ट नावासकट, ओटीपी. आपल्या स्वतःचं देणं ही आपली मर्जी, दुसऱ्याचं देणं ही नव्हे. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झालाय. पत्रात नावाच्या जागी 'क' लिहा, रक्कम रिकामी ठेवा, नंतर हातानं भरा.

जेमिनीबद्दल गूगल स्वतःच सांगतं की काही संवाद तपासणारी माणसं वाचू शकतात, गोपनीय काही लिहू नका. चॅटजीपीटीत सेटिंगमध्ये 'डेटा कंट्रोल्स' उघडलं की 'इम्प्रूव्ह द मॉडेल फॉर एव्हरीवन' असं बटण दिसतं. ते बंद करा, म्हणजे तुमची पत्रं त्याच्या शिकवणीला जाणार नाहीत.

९. पुढं शिकायचं कुठं

नव्व्याण्णव रुपयांच्या ऑनलाइन कार्यशाळेनं मी शिकायला सुरुवात केली. तीन तासांतला अडीच तास पुढच्या, काही हजारांच्या वर्गाची जाहिरात होती. शेवटी प्रमाणपत्र आलं, त्यावर माझं आडनाव चुकलेलं. त्या रकमेत यार्डाबाहेर दोघांचा नाष्टा झाला असता.

फुकटात चांगलं बरंच आहे:

- केंद्र सरकारच्या इंडियाएआय मिशनचा 'युवा एआय फॉर ऑल'. साडेचार तासांचा, मोफत, प्रमाणपत्रासह. नाव युवा असलं तरी वय कुणी बघत नाही.
- हेलसिंकी विद्यापीठानं २०१८ मध्ये सुरू केलेला 'एलिमेंट्स ऑफ एआय'. इंग्रजीत आहे, वाचून शिकायचा. यंत्र अंदाज कसा बांधतं ते मला इथं कळलं.
- कोर्सेरावर अँड्र्यू इंग यांचा 'एआय फॉर एव्हरीवन'. प्रोग्रॅमिंग लागत नाही. सगळा फुकट मिळतो का ते आधी बघा. इंग्रजी ऐकायची सवय असेल तरच.
- शेतकऱ्यांसाठी राज्याच्या कृषी विभागाचं महाविस्तार ॲप, मराठीत विचारता येतं.

गूगलचं नोटबुकएलएम याच्यात मी वेगळं काढतो, कारण ते आमच्या कामाला फार बसतं. त्यात आपलीच कागदपत्रं टाकायची: परिपत्रकं, नियमावली, संस्थेची उपविधी. मग ते त्या कागदांतनंच उत्तर देतं आणि कुठल्या जागेवरनं घेतलं तो परिच्छेद दाखवतं. परिच्छेद उघडून वाचायचा, उत्तर नुसतं मानायचं नाही. जुन्या फॉन्टमधली पीडीएफ इथंही चालत नाही.

आणि भाषिणी. भारतीय भाषांतल्या भाषांतरासाठी केंद्र सरकारनं २०२२ मध्ये सुरू केलेली सोय. मला वाटलं निजामाबादला आता थेट तेलुगूत पत्र पाठवावं. पाठवलंही. पण तेलुगूत बँडेज कसं दिसतं हे मला कुठं माहीत? त्यामुळं आता तेलुगूच्या खाली तेच पत्र हिंदीतही लिहितो. जे मला वाचता येत नाही ते एकटं पाठवत नाही.

१०. पैसे भरायची वेळ आली तर

आमच्या दुकानाचं आजवर फुकटावर भागलंय. दिवसाला आठ-दहा पत्रं आणि दोन-चार फोटो एवढ्याला मोफत योजना पुरते. मर्यादा संपली तर काही तासांनी पुन्हा चालू होतं, तोवर चहा घ्यावा.

चॅटजीपीटीची भारतासाठीची स्वस्त 'गो' योजना ऑगस्ट २०२५ मध्ये महिना ३९९ रुपयांनी आली आणि नोव्हेंबरपासून ती वर्षभर मोफत द्यायला सुरुवात झाली. मोबाइल कंपन्याही रिचार्जबरोबर अशा योजना देतात. अजून मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही. पण मोफत वर्षाची नोंदणी करतानाच कार्ड किंवा यूपीआय जोडून घेतात, आणि वर्ष संपलं की पैसे आपोआप वळते व्हायला लागतात. नोंदणी केली त्याच दिवशी यूपीआयच्या ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मॅन्डेट' या नावाखाली बघा, तिथं ती मंजुरी दिसते आणि रद्दही करता येते. रद्द केल्यावर योजना लगेच बंद होते की मुदतीपर्यंत चालते, ते आधी वाचा.

मालकांच्या मुलानं अशीच एक योजना दुकानाच्या खात्यावर घेऊन ठेवली आहे. ती संपायच्या चार दिवस आधीची तारीख मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल पेनानं गोल करून ठेवलीय, उधारीच्या तारखा असतात त्याच रांगेत.